टाकीतलं काळं पाणी

घरोघर फिरायचं काम असलं की किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप अंगाला चिकटतात. संध्याकाळी हातपाय धुतले तरी जात नाहीत. नवरा म्हणतो, "तुझं बोलणं जेवणाआधी सुरू होतं ते भांडी आवरली तरी संपत नाही." मी तरी काय करू! दिवसभर दुसऱ्यांच्या हॉलमध्ये हसतमुखानं गप्प उभी असते. ते कुठेतरी बाहेर पडणारच की.

मी नाशकात घरगुती उपकरणांच्या एका दुकानात आहे. आधी मिक्सरच्या काउंटरला होते, आता डेमोला आहे. डेमो म्हणजे गालिचा धुण्याचं मशीन घेऊन लोकांच्या घरी जायचं, त्यांच्याच गालिच्यावर चालवून दाखवायचं आणि "विचार करून कळवतो" हे वाक्य ऐकून परत यायचं. माझ्याबरोबर निकमभाऊ असतात. ते टेक्निशियन, मूळचे सटाण्याकडचे. मशीन उचलणं, जोडणं, चालवणं त्यांचं, बोलणं माझं. फोनवर वेळा ठरवते ती वैशाली. झालं, एवढंच आमचं डिपार्टमेंट.

मशीन चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. साबणाचं पाणी गालिच्यात सोडतं आणि मळासकट परत ओढून घेतं. ते पाणी पुढच्या टाकीत जमतं. ही टाकी पारदर्शक आहे. कंपनीतल्या कुणा हुशार माणसाला वाटलं असेल, की गिऱ्हाइकाला आपल्या घरातला मळ डोळ्यांनी दिसला की ते मशीन घेणारच. तो माणूस नाशकात कुणाच्या घरी कधी गेलेला नसावा!

यंदा गणपतीत शेठनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, टेम्पो फिरतो, डिझेल जळतं आणि मशीन काही खपत नाही. दिवाळीपर्यंत वाट बघतो. नाही जमलं तर डेमो बंद. तुम्ही नाशिकरोडच्या गोडाऊनला जा. निकमांचं... बघू."

शेठ "बघू" म्हणाले की त्या माणसाचं पुढे काय होतं, हे दुकानात सगळ्यांना माहीत आहे. निकमभाऊंची मुलगी बारावीला आहे. ते बाहेर आले आणि मशीनची वायर गुंडाळत बसले. ती आधीच गुंडाळलेली होती.

*

आमचा पहिला शत्रू म्हणजे स्वच्छता. हसू नका, खरंच सांगते.

महात्मानगरला एका बाईंनी डेमो ठेवला होता. दार उघडलं तर घरभर फिनेलचा वास. हॉलमध्ये गालिचा अंथरलेला, कोपऱ्यात पंखा लावून ठेवलेला. निकमभाऊंनी हात लावून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. गालिचा ओला होता.

"ताई, हा धुतलाय का?"

"मग! तुम्ही येणार म्हणून काल सकाळीच गच्चीवर नेऊन घासला. आधी काठीनं झोडपला, मग शाम्पू, मग दोनदा साधं पाणी. बाहेरचं माणूस येणार म्हटल्यावर तसाच ठेवू का?"

मशीन चालवलं. टाकीत पाणी आलं ते इतकं स्वच्छ की निकमभाऊ म्हणाले, यात चहा होईल. बाई एकदम खूश. त्यांनी शेजारणीला हाक मारून बोलावलं. "बघा बघा, यांनी एवढं मोठं मशीन लावलं तरी आमच्या गालिच्यातून काही निघालं नाही!"

मशीन अर्थातच घेतलं नाही. घ्यायचं कशाला, घरात मळच नव्हता.

त्यानंतर वैशाली प्रत्येक गिऱ्हाइकाला फोनवर सांगू लागली, "कृपया डेमोच्या आधी गालिचा साफ करू नका." एक आजोबा तिच्यावर असे काही उखडले! "म्हणजे? तुम्ही आमच्याकडे घाण बघायला येणार आहात का?"

वैशालीनं घाईघाईनं पुढची वेळ विचारून घेतली. खरं उत्तर "हो" असं होतं ना.

*

इंदिरानगरचं घर. सुनेनं डेमो ठेवला होता, सासूबाई भजनाला गेलेल्या बघून. मशीन निम्म्यावर आलं आणि भजन लवकर सुटलं. सासूबाई दारात चप्पल काढता काढता थबकल्या. टाकीत दाट करडं पाणी.

"हे काय आहे?"

मी माझं पाठ वाक्य म्हटलं. "आजी, हे तुमच्या गालिच्यातून निघालंय. रोज झाडलं तरी आतली धूळ राहतेच. प्रत्येकाकडे असते."

"आमच्या गालिच्यातून नाही," आजी शांतपणे म्हणाल्या. "हा गालिचा हिच्या माहेरचा आहे."

सून स्वयंपाकघराकडे निघाली होती ती वळून आली. "माहेरून आला तेव्हा स्वच्छ होता, आई. बाबांनी दुकानातून थेट इथे पाठवला होता."

"दुकानातून आलेल्या गालिच्यात एवढं निघतं होय?"

"एवढं इथे आल्यावर साठलं."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. अशा वेळी कॅलेंडर फार उपयोगी पडतं. निकमभाऊंनी मशीन बंद केलं आणि हळूच वायर ओढायला लागले. तेवढ्यात सून म्हणाली, "थांबा भाऊ. आवरू नका. आता तेच मशीन सोफ्यावर चालवा."

"ताई, सोफ्याचा डेमो ठरला नव्हता..."

"चालवा हो. सोफा यांच्याकडचा आहे!"

निकमभाऊंनी सोफा केला. काय पाणी निघालं ते विचारू नका. आजी भजनाची पिशवी घेऊन देवघरात गेल्या त्या आम्ही निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. सुनेनं आम्हाला चहा दिला, वर चकली दिली. मशीन घेतलं नाही. म्हणाली, "आता घरात आणलं तर मी जिंकले म्हणून आणलं असं होईल."

*

गणपती गेले आणि पितृपक्ष लागला. शेठनी दिलेल्या मुदतीतला हा पंधरवडा म्हणजे शुद्ध पाण्यात गेला. पितृपक्षात नवी वस्तू कुणी घेत नाही. पण बघायला काय हरकत आहे! उलट खरेदी करायची नाही म्हणून लोकांना वेळच वेळ. वैशालीचा फोन वाजत राहिला, आम्ही फिरत राहिलो.

त्र्यंबकला एका गुरुजींच्या घरी गेलो. बाहेरगावचे यजमान त्यांच्याकडेच उतरतात. मोठी बैठक, मोठा गालिचा, त्यावर वर्षानुवर्षांचं तूप, तेल, कुंकू. मी मनात म्हटलं, इथे विक्री पक्की. या गालिच्याला मशीनशिवाय इलाज नाही.

निकमभाऊंनी मशीन सुरू केलं आणि थोड्याच वेळात ते घरघरून बंद पडलं. नळी उघडली. आत अक्षता! गालिच्याच्या केसांत किती पूजांच्या अक्षता रुतल्या होत्या कोण जाणे, त्या सगळ्या वर आल्या होत्या. निकमभाऊ मांडी घालून चिमट्यानं एकेक दाणा काढू लागले.

गुरुजी शेजारी उभे. "केरात टाकू नका हं. पायाखाली येता कामा नयेत."

"मग कुठे ठेवू?"

"ठेवा तुमच्याजवळच. पाखरांना घाला."

निकमभाऊंनी रुमाल पसरला. काम संपलं तेव्हा गालिचा खरोखर नव्यासारखा दिसत होता. गुरुजींनी त्यावरून दोनदा हात फिरवला, मान डोलावली. मी पुस्तिका पुढे केली.

"छान आहे मशीन. पण आत्ता पितृपक्ष आहे, खरेदी करता येत नाही."

"गुरुजी, मग डेमो आत्ता कसा ठेवलात?"

"डेमोला दोष नाही," गुरुजी म्हणाले.

पितृपक्ष संपल्यावर वैशालीनं त्यांना फोन केला. ते म्हणाले, आता काय घाई, गालिचा तर स्वच्छ झालाय!

*

या सगळ्यात गंगापूर रोडच्या साहेबांना विसरून चालायचं नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पाटबंधारे खात्यातले. मशीन घ्यायचं त्यांनी कधीच ठरवलं होतं. फक्त कोणतं घ्यायचं ते ठरत नव्हतं.

आम्ही गेलो तर गालिच्याचे तीन कोपरे तीन रंगांचे. एक फिका, एक गडद, एक मधलाच काहीतरी. साहेबांनी चौथ्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "हा तुमचा."

"म्हणजे?"

"प्रत्येक दुकानाला एक कोपरा. डाग सगळ्यांना सारखे. चहा, शाई, लोणच्याचं तेल आणि हळद. मी स्वतः टाकतो. मधला भाग विजेत्याला!"

असं म्हणून त्यांनी आमच्या समोर, कपात ओतावा तसा पातेल्यातला चहा गालिच्यावर ओतला. मग शाई. मग लोणच्याच्या बरणीतलं तेल. शेवटी चमचाभर हळद टाकून बुटानं चोळली. गालिचा चांगला होता हो!

चहा गेला. शाई बरीचशी गेली. तेलही निघालं. हळदीवर साबणाचं पाणी पडलं मात्र, आणि तो डाग लालभडक झाला.

साहेब उठून उभे राहिले. "हे बघा! तुमच्या मशीननं डाग वाढवला. पिवळ्याचा लाल केला!"

आतून त्यांच्या मिसेस आल्या. हातात लाटणं. "अहो, हळदीला साबण लागला की लालच होते. तुमच्या बनियनवर दर रविवारी होते. कधी स्वतः धुतलं असतं तर माहीत असतं."

साहेब खाली बसले. थोड्या वेळानं मला म्हणाले, "निकाल राखून ठेवतो."

त्या माउलीनं आम्हाला दारापर्यंत सोडलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, तुमच्या दुकानात नुसता गालिचा मिळतो का?"

*

दसऱ्याला एक मशीन खपलं. एकच, पण खपलं! सिडकोतलं कुटुंब, नवरा-बायको दोघं नोकरीवाले, घरात नवऱ्याची आई. त्यांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर मशीन नेलं. निकमभाऊ स्वतः जाऊन जोडून आले. तिथे मशीनची पूजा झाली, झेंडूचा हार, हँडलला नाडाछडी, पुढे नारळ. त्या घरच्यांनी मला फोटो पाठवला. फोटोत निकमभाऊ मशीनशेजारी हात जोडून उभे होते. तो फोटो मी शेठना दाखवला. शेठ म्हणाले, "एक झालं." बाकी काही नाही.

दिवाळीच्या तोंडावर पहिल्या फुकट सर्व्हिसिंगला आम्ही गेलो. मशीन हॉलच्या कोपऱ्यात होतं. त्यावर कंपनीचं प्लास्टिक तसंच, त्यावर क्रोशाचं विणलेलं कव्हर, कव्हरवर फुलदाणी. निकमभाऊंनी सगळं काढून टाकी उघडली. आत पाण्याचा थेंब पडलेला नव्हता.

"आजी, वापरलं नाही का मशीन?"

"नाही बाई. नवीन आहे. दिवाळीला पाहुणे येतील, सगळ्यांचं बघून होऊ दे."

"मग गालिचा?"

"तो काय, गच्चीवर नेते आणि झोडपते."

"आजी, अहो गालिच्यासाठीच घेतलंय ना हे!"

आजींनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी त्यांच्या नव्या पैठणीनं ओटा पुसायला सांगितलं होतं. "एवढं महागाचं मशीन. त्यात तसलं घाण पाणी भरायचं?"

परतताना टेम्पोनं आम्ही द्वारकेच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा निकमभाऊ म्हणाले, "ताई, गोडाऊनला पंखा आहे का हो?"

मला रडू येईल असं वाटलं. मी म्हटलं, असेल. खरं तर मी दमले होते. मशीन वाईट असतं तर इतकं दमले नसते. गालिचे खरंच स्वच्छ व्हायचे, लोक खरंच खूश व्हायचे, आम्हाला चहा द्यायचे, आणि आम्ही दोघं रोज थोडे थोडे नोकरीतून बाहेर जायचो.

*

आता हे शेवटचं. हे मी दुकानात कुणाला सांगितलेलं नाही, तेव्हा तुम्हीही सांगू नका.

दिवाळीच्या आधीचा शनिवार. सोमवारी निर्णय सांगतो, असं शेठ म्हणाले होते. सकाळी माझ्या मोबाइलवर फोन आला. शेठच्या मिसेस. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो.

"मॅडम, निकमांना घेऊन घरी या. मशीन आणू नका."

"मशीन न आणता डेमो कसा देऊ वहिनी?"

"या तर खरं. आणि यांना बोलू नका."

गेलो. मोठा फ्लॅट, गोदावरीच्या बाजूनं काचा. हॉलमध्ये जाड गालिचा, आणि गालिच्याच्या मधोमध एक गालिचा धुण्याचं मशीन. आमचं नव्हे! दुसऱ्याच कंपनीचं. शेजारी फाडलेलं खोकं, त्यावर ऑनलाइनवाल्यांची चिकटपट्टी.

निकमभाऊ दमले किंवा दचकले की अहिराणीत जातात. माझ्या कानाशी म्हणाले, "ताई, हाई काय शे?"

वहिनी लाजल्यासारख्या हसल्या. "अहो, दिवाळीची साफसफाई काढली. आपल्या दुकानातलं मागवलं असतं तर डेमोला तुम्ही आला असतात. ते काळं पाणी, ते बघणं... नको वाटलं. ऑनलाइनवाला खोकं दारात ठेवतो आणि जातो. आत येत नाही. पण हे सुरूच होईना. फोन लावला तर पलीकडचा इंग्रजीत बोलतो. म्हटलं, तुम्ही घरातलेच."

निकमभाऊंनी मशीन बघितलं. टाकी उलटी बसवली होती. ती नीट बसवली, पाणी भरलं, बटण दाबलं. मीही सवयीनं उभी राहिले आणि माझं सगळं बोलणं म्हटलं, कंपनीचं नाव तेवढं गाळून. टाकीत पाणी चढायला लागलं. आमच्या मशीनची टाकी पारदर्शक आहे, याची तर जास्तच. इंदिरानगरचा सोफा यापुढे काहीच नव्हता.

आणि किल्लीचा आवाज आला.

शेठ रोज दुपारी जेवायला येतात, पण त्या दिवशी लवकर आले. दारात उभे राहिले. आधी मला पाहिलं, मग निकमभाऊंना, मग मशीनला, मग खोक्याला, मग वहिनींना. निकमभाऊंनी मशीन बंद केलं. आत न्हाणीघरात मोलकरीण मावशी कपडे आपटत होत्या ते ऐकू यायला लागलं.

वहिनी म्हणाल्या, "पान वाढू का?"

शेठ पुढे आले, वाकले, टाकीत बघत राहिले. बराच वेळ.

"हे सगळं आपलं?"

मी म्हटलं, "हो शेठ. प्रत्येकाकडे असतं."

"एवढं?"

निकमभाऊ डेमोत कधी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "अजून अर्धा गालिचा बाकी आहे, शेठ."

शेठ सोफ्यावर बसले. हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "करा पुरा."

आम्ही पुरा केला. गालिचा असा दिसायला लागला की वहिनी त्यावर पाय ठेवायला आधी धजावेनात. निकमभाऊ टाकी काढून न्हाणीघराकडे वळले, तशा वहिनी आडव्या आल्या. "तिथे ओतू नका! मावशी आत आहेत. या बिल्डिंगमधल्या सगळ्या घरी जातात त्या." मग बादली आली. पाणी बादलीत गेलं, वर झाकण म्हणून परात आली. परातीवर वहिनींनी जुना टॉवेल टाकला.

बादली घेऊन आम्ही बाहेर पडलो. मी लिफ्टचं बटण दाबणार, तोच मागून शेठ आले. चपलाही न घालता. दार त्यांनी मागे ओढून घेतलं.

"मॅडम, सोमवारी डेमो कुठे कुठे आहेत?"

"शेठ, सोमवारी तर तुम्ही डेमो बंद..."

"मी काय विचारलं? सोमवारी डेमो कुठे कुठे आहेत?"

"पंचवटी. मग पाथर्डी फाटा."

"बरं. मंगळवारचेही लावून ठेवा."

निकमभाऊंनी बादली खाली ठेवली आणि डोळे पुसले. घाम असेल. मी लिफ्टकडे हात नेला.

"लिफ्टनं नको," शेठ दबक्या आवाजात म्हणाले. "लिफ्टमध्ये कुणी ना कुणी भेटतंच. जिन्यानं जा."

शेठ अकराव्या मजल्यावर राहतात.